टोमॅटोला आधार रोप लावतानाच द्या: नाशिकच्या परसबागेसाठी सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात बांबू-तारांवर चढवलेले टोमॅटोचे प्लॉट दिसतात. शेतकरी हा खर्च हौसेने करत नाही. घरच्या बागेत मात्र रोप आडवं पडल्यावर काठीची शोधाशोध सुरू होते, आणि तोवर खालची पानं मातीला टेकून करपा लागलेला असतो. या रोगाची बुरशी जमिनीतल्या जुन्या पालापाचोळ्यात टिकून राहते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानावर येते. शिवाय उशिरा काठी खोचली तर पसरलेली मुळं तुटतात. म्हणून काठी आधी, रोप नंतर.

लागवड दसऱ्याच्या आसपास उरकावी. महिनाभरात फुलं येतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीआधी पहिले घोस धरतात. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की फळधारणा मंदावते, आणि निफाडचा पारा थंडीत एक आकडी होतो हे आपल्याला माहीतच आहे. २५ ते ३० दिवसांचं, काटक, आखूड पेऱ्याचं रोप निवडा. उंच, लुसलुशीत रोपाच्या मोहात पडू नका. लावताना खालची पानं काढून खोड पहिल्या चांगल्या पानापर्यंत मातीत दाबा. दाबलेल्या खोडालाही मुळं फुटतात. कलमी रोप असेल तर मात्र कलमाचा जोड मातीच्या वरच ठेवा. वांगी, मिरची, बटाटा घेतलेल्या वाफ्यात लगेच टोमॅटो नको, रोग तेच असतात. गच्चीवर किमान १५-२० लिटरची बादली किंवा रंगाचा डबा घ्या आणि तळाला भोकं पाडायला विसरू नका.

रोपवाटिकेत एक प्रश्न जरूर विचारा: जात झुडपी आहे की वाढत राहणारी? झुडपी जातीला चार फुटी काठी पुरते आणि तिची बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारी कोवळी फांदी, काढायची नसते, कारण काढली तर फळंच कमी होतात. वाढत राहणाऱ्या जातीला सहा-सात फुटी बांबू लागतो. तिची बगलफूट, द्राक्षबागेत काढतात तशीच, बोटभर असतानाच सकाळी कोरड्या हवेत खुडा आणि एक-दोनच खोडं वर न्या. तंबाखू मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला लावू नका. त्यातून मोझॅक विषाणू येऊ शकतो.

बांधणी सुतळीनेच करावी, कारण बारीक तार खोडाला कापते. सुतळीचा वेढा आधी काठीला घट्ट द्या, मग पीळ देऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी खोडाभोवती सैल आणा. खोड आणि सुतळी यांच्यामध्ये करंगळी सहज फिरली पाहिजे. खोड पुढे जाड होतं. गाठ पानाच्या खाली येऊ द्या, फुलांच्या घोसाखाली नको, नाहीतर फळांच्या वजनाने देठ सुतळीवर मुडपतो. दर आठ-दहा दिवसांनी एक नवी बांधणी लागतेच.

पाणी सकाळी, बुडाशी आणि वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी ठाक) बघून द्या. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की फळं तडकतात. फळाच्या टोकाला काळा, चपटा डाग पडतो तो बहुतेकदा या अनियमित पाण्यामुळेच: मातीत कॅल्शियम असलं तरी ते फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून हा डाग लगेच थांबत नाही, कारण ती फार सावकाश विरघळतात. त्यापेक्षा बुडाशी पाचटाचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन करा, ओल टिकते आणि शिंतोडेही उडत नाहीत. युरियाचा हात आवरा. झाड हिरवंगार होतं, पण फुलं गळतात.

झाड गुडघ्याच्या वर गेलं की जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला किंवा सकाळी दाट धुकं पडलं तर दुसऱ्याच दिवशी पानं उलटून पाहा. गोल वलयांचे तपकिरी डाग दिसले की ती पानं तोडून बागेबाहेर न्या. पाने आकसून झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. असं झाड बरं होत नाही, ते उपटाच. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेला झेंडू लावा.

हंगाम संपल्यावर बांबू धुऊन उन्हात वाळवले तर पुढच्या वर्षी चालतात. सुतळी मात्र दरवेळी नवी घ्या.