सिलिकॉन वेफर सुकवताय? स्पिन ड्रायरवर या चुका टाळा

क्लीनरूममध्ये (चिप्स बनवायच्या धूळमुक्त खोलीत) नवीन आलेलं कुठलंही पोर लिथोग्राफीचं (नक्षी उमटवायचं) ट्रेनिंग वहीत टिपून घेतं, फर्नेसपाशी दहा प्रश्न विचारतं, आणि स्पिन रिन्स ड्रायरपाशी आलो की म्हणतं, "मॅडम, हे म्हणजे वॉशिंग मशीनच ना?" हो बाबा, वॉशिंग मशीनच. घरच्या मशीनमध्ये एका बाजूला ओली चादर गोळा झाली की ते बाथरूमभर धडधडत फिरतं ते बघितलंय ना, तेच इथे काचेपेक्षा ठिसूळ पंचवीस सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर (चिप्स यांच्यावरच बनतात), घालून करायचंय, आणि त्यातल्या बाराएक चकत्या दुसऱ्या कुणाच्या तरी पीएचडीच्या असतात.

मी बरीच वर्षं वेट बेंच, म्हणजे वेफर रसायनांत धुवायचा ओटा, सांभाळते. (आमच्या मावशीला अजून वाटतं की मी बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात आहे. आता मी समजावणं सोडून दिलंय.) इतक्या वर्षांत ॲसिडने झालेले घोळ मोजके, सुकवताना झालेले घोळ मोजायचं सोडलं. कारण ॲसिडला सगळे घाबरतात, पाण्याला कोणी घाबरत नाही.

आधी मशीन काय करतं ते दोन वाक्यांत. वेफर ओळीने ठेवायची खाचांची कॅसेट रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) बसते, हळू फिरवत तिच्यावर डीआय (डीआयोनाइज्ड, क्षार काढलेल्या) पाण्याचे फवारे मारले जातात, मग वेग वाढवून पाणी भिरकावून द्यायचं आणि वरून गरम नायट्रोजन सोडायचा. आमची चार इंची वेफरची रेसिपी 1800 आरपीएमला सुकवते. त्या वेगाला वेफरच्या कडेवरच्या थेंबाला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 180 पट ओढ बसते, अगदी मधल्या थेंबाला मात्र जवळजवळ शून्य. म्हणून डाग बघायचा असेल तर आधी वेफरचा मध्य बघा.

पहिली आणि माझी सगळ्यात लाडकी चूक: टवका उडालेला वेफर "चालून जाईल" म्हणणं

चार इंची वेफर साधारण 525 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ट्वीझर जरा वाकडा लागला की कडेचा बारीक टवका उडतो. दिसायला काही नाही, प्रोसेसला काही फरक पडत नाही, फर्नेसमध्येही निमूट जातो. पण सिलिकॉन हा एकच सलग स्फटिक आहे. तडा एकदा सुरू झाला की तो स्फटिकाच्या ठरलेल्या दिशेने सरळ धावतो, मध्ये अडवणारं काही नसतं.

एका सेमिस्टरच्या शेवटी, म्हणजे सगळ्यांनाच घाई असते त्या दिवसांत, एका मुलाने आपले चार वेफर दुसऱ्या मुलीच्या अकरा वेफरबरोबर एकाच कॅसेटमध्ये घातले. वेळ वाचवायला, तिला विचारून, सगळं रीतसर. त्याच्या एका वेफरच्या कडेला टवका होता आणि त्याला ते माहीत होतं, हे नंतर कळलं. रिन्सपर्यंत सगळं छान चाललं. वेग वाढायला लागला आणि आतून आधी "टक" असा एक आवाज आला, मग मूठभर खडे मिक्सरमध्ये टाकल्यासारखं काहीतरी. व्हायब्रेशन सेन्सरने मशीन बंद केलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक फुटला, त्याच्या तुकड्यांनी शेजारचा फोडला, त्याने पुढचा. पंधरापैकी दोन वेफर अख्खे निघाले आणि त्यांच्यावरही इतके ओरखडे की ते आम्ही ट्रेनिंगला ठेवून दिले. मुलीच्या अकरा वेफरवर दोन महिन्यांचं काम होतं. ती रडली नाही, नुसती हातमोजे काढून बाहेर जाऊन बसली, मला ते जास्त लागलं.

पुढचे दोन दिवस मी आणि आमचे सीनियर टेक्निशियन काका चेंबरमध्ये डोकं घालून बसलो होतो. सिलिकॉनच्या सुया रोटरच्या खाचेत, दाराच्या सीलमध्ये, ड्रेनच्या जाळीत, फवाऱ्याच्या भोकातसुद्धा. व्हॅक्यूम लावा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, रिकामी सायकल चालवा, कोरा वेफर घालून कण मोजा, परत पुसा. पार्टिकल काउंट पहिल्यासारखा व्हायला तीन आठवडे गेले, आणि त्या काळात ज्यांनी ज्यांनी वेफर सुकवले त्यांनी मला शिव्या घातल्या असणार.

तेव्हापासून माझी सवय अशी: कॅसेट रोटरमध्ये जायच्या आधी प्रत्येक वेफर तिरप्या टॉर्चखाली एक चक्कर बघायचा. मडकं घेताना वाजवून बघतो तसं, फक्त इथे वाजवायचं नाही, बघायचं. पंचवीस वेफरना चार मिनिटं लागतात. टवका दिसला की तो वेफर स्पिनमध्ये जात नाही, त्याला नायट्रोजन गनने हातानेच सुकवायचं. आणि दुसऱ्याचे वेफर आपल्या कॅसेटमध्ये घ्यायचेच नाहीत, मैत्री कँटीनमध्ये दाखवा.

अर्धवट तुटलेला वेफर किंवा कापलेला तुकडा "रिकाम्या खाचेत टेकवून" सुकवायचा विचार मनात आला असेल तर प्लीज माझ्या शिफ्टला करू नका. खरं तर कुणाच्याच शिफ्टला करू नका.

तोल

आमच्या मशीनमध्ये एकच कॅसेट बसते आणि वेफरचं केंद्र फिरण्याच्या अक्षावरच येतं, त्यामुळे दहा वेफर असले तरी निभावतं, पण ते दहा एका टोकाला कोंबू नका, नीट पसरा, आणि उरलेल्या जागी डमी (वजनापुरते टाकाऊ वेफर) घाला. दोन कॅसेट समोरासमोर बसणारी मशीन असतील तर समोरच्या कॅसेटमध्ये तितकेच आणि त्याच जाडीचे डमी. "मॅडम, एकच वेफर आहे हो, त्याच्यासाठी डमी कुठे शोधू?" डमीचा डबा मशीनच्या वरच ठेवलाय, लेबल लावून. शोधू काय?

कॅसेटचा एच-बार (टोकाची एच आकाराची पट्टी) कुठल्या बाजूला जातो ते मशीनवर चिकटवलेल्या चित्रात बघा. आमच्याकडे तो आत जातो. उलटी कॅसेट कधी कधी बसल्यासारखी वाटते, बसलेली नसते. आणि गरम ॲसिडमध्ये वर्षानुवर्षं बुडवून वाकडी झालेली कॅसेट ड्रायरमध्ये घालू नका, सपाट टेबलावर ठेवून डुगडुगते का बघा, डुगडुगली की निवृत्त.

दुसरी मोठी चूक: एचएफनंतर (हायड्रोफ्लोरिक ॲसिडनंतर) वेफर हवेत ताटकळत ठेवणं

ही चूक कळायलाच मला स्वतःला दोन आठवडे लागले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका ग्रुपच्या वेफरवर मायक्रोस्कोपखाली बारीक गोल डाग यायला लागले. स्टीलच्या ताटावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात ना, हुबेहूब तसे, फक्त काही मायक्रॉनचे. साहजिकच सगळ्यांचं बोट डीआय प्लांटकडे. मीटर 18.2 मेगाओहम दाखवतोय, म्हणजे पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच, तरी आम्ही फिल्टर बदलले, लाइन धुतली, प्लांटवाल्याला बोलावून त्याच्याशी भांडलो. डाग तसेच.

शेवटी एके दिवशी मी त्या मुलाच्या शेजारी नुसती उभी राहिले, काही न बोलता. आरसीए क्लीन (वेफर रसायनांनी धुवायची ठरलेली पद्धत) नीट केलं, शेवटचा एचएफ डिप नीट, पाण्यात धुतलं नीट. मग त्याने कॅसेट पाण्यातून वर काढली, ड्रायरकडे बघितलं, त्यात दुसऱ्या कुणाची तरी सायकल चालू होती, म्हणून कॅसेट बेंचवर टेकवली आणि लॉगबुक भरायला गेला. चार मिनिटं. झालं, सापडला चोर.

गोष्ट अशी आहे की ताटावरचा डाग पाण्यातल्या क्षारांचा असतो, वेफरवरचा डाग वेफरचाच असतो. एचएफने वरचं ऑक्साइड निघून गेलं की उघडं सिलिकॉन पाण्याला जवळ करत नाही, अळूच्या पानावर पाणी राहतं तसे त्याच्यावर थेंब थेंब होतात. त्या थेंबात हवेतला ऑक्सिजन विरघळतो, थेंबाखालचं सिलिकॉन थोडं ऑक्सिडाइझ होतं, ते पाण्यात सिलिसिक ॲसिड होऊन उतरतं, आणि थेंब आटला की गाळ तिथेच राहतो. पाणी कितीही शुद्ध असू दे. त्यानंतर ड्रायर 1800 सोडून 3000 ने फिरवा, डाग जात नाही, कारण भिरकावून द्यायला पाणीच उरलेलं नसतं.

यात सगळी गंमत आहे बघा. ड्रायरचं काम पाणी आटवणं नाही, पाणी पाणी असतानाच वेफरवरून काढून टाकणं हे त्याचं काम. हे डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप कळतात. ओला वेफर हॉट प्लेटवर ठेवून "लवकर सुकवणारा" एक महाभाग आमच्याकडे होता, त्याच्या वेफरवर रांगोळी निघायची.

माझी सवय: ड्रायरचं दार उघडं, रोटर थांबलेला, रेसिपी निवडलेली, मगच कॅसेट पाण्याबाहेर. ड्रायर रिकामा नसेल तर कॅसेट पाण्यातच थांबेल, पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. आणि दर वेळी शेवट एचएफनेच करायची गरज आहे का हेही स्वतःला विचारा. एससी-2 ने (आरसीएतल्या हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पायरीने) शेवट केला तर वेफरवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो, पाणी सलग पडद्यासारखं पसरतं आणि सुकवणं एकदम सोपं होतं. गेट ऑक्साइडच्या (ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या पातळ थराच्या) आधी वगैरे उघडं सिलिकॉन हवंच असतं तेव्हा गोष्ट वेगळी. सगळ्यात वाईट म्हणजे पॅटर्न असलेला वेफर, थोडं ऑक्साइड थोडं उघडं सिलिकॉन, तिथे पाणी दोन्हींच्या सीमेवर अडकून बसतं.

अशा वेफरना खरं तर स्पिन ड्रायर हे उत्तरच नाही. ज्यांच्याकडे मॅरंगोनी ड्रायर आहे त्यांनी तो वापरावा. त्यात फिरवाफिरवी नाही, वेफर पाण्यातून सावकाश वर येतो आणि पाण्याच्या कडेशी आयपीएची वाफ सोडतात. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, आयपीएचा साधारण 21, त्यामुळे जिथे आयपीए मिसळतं तिथलं पाणी ओढ कमी पडून मागे टाकीकडे खेचलं जातं आणि वेफर कोराच वर येतो. कार्लो मॅरंगोनी हा इटालियन एकोणिसाव्या शतकातला, पण सुकवायची ही युक्ती फिलिप्सच्या संशोधकांनी 1990 च्या सुमारास मांडली. इथेही घाईवाले असतातच, वर काढायचा वेग दुप्पट करतात आणि मग म्हणतात मॅरंगोनी चालत नाही. तो वेगावरच तर चालतो! आणि आयपीएचा फ्लॅश पॉइंट 12 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या एसीतल्या खोलीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, एक्झॉस्टचा अलार्म वाजला तर तो बंद करून काम पुढे रेटू नका.

बाकीच्या, भराभर

ॲसिडमधून थेट ड्रायरमध्ये नाही. आधी डंप रिन्स (टाकी पाण्याने भरून एकदम रिकामी करायची), निदान पाच-सहा वेळा. ड्रायरचं रिन्स हे शेवटचा हात फिरवायला असतं, पिरान्हा (सल्फ्युरिक ॲसिड आणि पेरॉक्साइडचं मिश्रण) धुवायला नाही. एकदा एकाने "यातही पाणीच येतं ना" म्हणून केलं होतं, रोटरवर अजून खुणा आहेत.

रिन्स वेळेवर न संपवता रेझिस्टिव्हिटीवर (म्हणजे तेच मेगाओहम) संपवायची सोय असेल तर तीच वापरा. ड्रेनचं पाणी ठरलेल्या आकड्याला पोचलं की मगच स्पिन. ते बायपास करून तीस सेकंदांची "फास्ट" रेसिपी बनवणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत, रेसिपीला स्वतःचंच नाव देतात.

फोटोरेझिस्ट (लिथोग्राफीचा प्रकाशसंवेदी लेप) असलेला वेफर गरम नायट्रोजनखाली घालू नका. रेझिस्ट चेंबरला लागलं की पुढच्या प्रत्येकाच्या वेफरला लागतं.

रिलीज केलेले कँटिलीव्हर (एका टोकाला धरलेल्या, खालून मोकळ्या केलेल्या बारीक पट्ट्या), पातळ मेम्ब्रेन (पडदे) असलं काही स्पिनमध्ये कधीच नाही. मेम्ब्रेन फुटतात, कँटिलीव्हर पाण्याच्या ओढीने खाली चिकटून बसतात. त्यांच्यासाठी क्रिटिकल पॉइंट ड्रायर असतो, त्यात पाण्याच्या जागी अल्कोहोल, अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड आणायचा आणि त्याला 31 अंश, 73 वातावरण दाबाच्या पलीकडे नेऊन वायू करून सोडून द्यायचं. द्रवाची कड तयारच होत नाही, मग ओढणार कोण?

स्टॅटिक एलिमिनेटर (स्थिर वीज घालवणारं यंत्र) बंद पडलाय का अधूनमधून बघा. कोरडा नायट्रोजन, प्लॅस्टिकची कॅसेट आणि वेगात फिरणं, म्हणजे केसांवर फुगा घासल्यासारखंच, सुकलेला वेफर धूळ खेचत बसतो. डाग नाहीत पण कण खूप, असं झालं की मी पहिला संशय त्याच्यावर घेते.

नायट्रोजनचा दाब कमी असेल तर वेफर ओले निघतात आणि लोक वेळ वाढवतात. आधी गेज बघा हो.

वीज गेली तर दार जबरदस्तीने उघडायचं नाही. रोटर आपोआप थांबेपर्यंत हात खिशात. क्लीनरूमच्या सूटला खिसा नसतो, मग हाताची घडी.

नायट्रोजन गनने हाताने सुकवताना कडेला धरा आणि पाणी एका कडेपासून समोरच्या कडेकडे ढकलत न्या. मधोमध फुंकून चारी बाजूंना उडवलेलं पाणी कडेवरून फिरून परत येतं. आणि कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, त्यात तेल असतं, हे मी दर बॅचला सांगते आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच.

शेवटचं, सोमवारचं. शनिवार-रविवार मशीन बंद राहिलं की डीआयच्या पाइपात पाणी साचून राहतं, आणि शुद्ध पाण्यातसुद्धा बॅक्टेरिया वाढतात. म्हणून सोमवारी सकाळी मी चहाच्या आधी दोन सायकली रिकाम्या चालवते. कुणी आपले वेफर घेऊन आधीच दारात उभं असलं तर त्याला डमीचा डबा देते आणि म्हणते, तोवर टॉर्च घेऊन हे बघ, कशाकशाला टवका आहे ते मला सांग.