अल्झायमरच्या संशोधनात संगणक घेऊन उतरताना

सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणक शाखेची पदवी घेऊन मी अल्झायमरच्या, म्हणजे हळूहळू स्मृती हरवत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, संशोधनात आले, त्याला आता नऊ वर्षे झाली. गड्ड्याच्या यात्रेला घरी आले की ओळखीची मुले-मुली भेटायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: डॉक्टर नसताना, हातात परीक्षानळीही न धरता, एखाद्या आजारावर संशोधन करता येते का? करता येते. मात्र त्यासाठी काय शिकावे लागते याविषयीची त्यांची कल्पना आणि माझा अनुभव यांत बरेच अंतर आहे.

आधी कामाचे स्वरूप सांगते. १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी ट्युबिंगन येथील परिषदेत ज्या स्त्री-रुग्णाची माहिती मांडली, तिच्या मेंदूत त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या होत्या: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. पहिले अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे आणि दुसरे टाऊ या प्रथिनाचे, हे समजायला १९८० चे दशक उजाडले. आज हाच आजार आमच्यासमोर आकड्यांच्या रूपाने येतो: एमआरआयमध्ये मोजलेले हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतील स्मरणाशी निगडित भागाचे) आकारमान, रक्तातील टाऊचे प्रमाण, जनुकांमधील लक्षावधी बारीक फरक, एकेका पेशीत कोणते जनुक किती सक्रिय आहे याची नोंद. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ व्यक्तींच्या मेंदूतील ८०,६६० पेशीकेंद्रकांची अशी मोजणी होती. एवढी माहिती स्वच्छ करणे, तिच्यातील यंत्राच्या आणि हाताळणीच्या चुका वेगळ्या काढणे आणि जे उरेल त्यावरून आजाराविषयी काही ठामपणे म्हणता येते का हे तपासणे, हे माझे रोजचे काम आहे. मॉडेल, म्हणजे माहितीवरून शिकून अंदाज देणारा संगणकीय प्रोग्राम, बांधण्यात यातला थोडाच वेळ जातो.

हे मला पहिल्याच वर्षी एका चुकीतून कळले. एमआरआय पाहून आजारी आणि निरोगी मेंदू वेगळे ओळखणारे मॉडेल मी तयार केले होते आणि त्याची अचूकता नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली होती. निबंधाचा मसुदाही लिहून झाला होता. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचला आणि एवढेच विचारले, ‘ही माणसे किती?’ मला स्कॅनची संख्या तोंडपाठ होती, माणसांची नव्हती. एकाच व्यक्तीचे दरवर्षी स्कॅन झाले होते आणि मी सगळे स्कॅन एकत्र मिसळून त्यांचे दोन भाग केल्यामुळे त्याच व्यक्तीचा एक स्कॅन मॉडेलला शिकवण्यासाठी, तर दुसरा त्याची परीक्षा घेण्यासाठी वापरला गेला होता. मॉडेल आजार ओळखत नव्हते. ते ओळखीची कवटी ओळखत होते. विभागणी व्यक्तीनुसार केल्यावर अचूकता इतकी खाली आली की तो मसुदा बाजूला ठेवावा लागला. त्या निकालावर विश्वास ठेवून कोणी एखाद्या कुटुंबाला काही सांगितले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

त्यानंतर असे सापळे सगळीकडे दिसू लागले. हिप्पोकॅम्पस वयानुसारही आक्रसतो; त्यामुळे रुग्ण वयाने मोठे आणि निरोगी लोक लहान असतील, तर मॉडेल केवळ वय शिकून मोकळे होते. रुग्णांचे स्कॅन एका रुग्णालयात आणि निरोगी लोकांचे दुसरीकडे झाले असतील, तर ते यंत्रांमधील फरक शिकते. मृत्यूनंतर मेंदूचा नमुना जतन करायला किती तास लागले, यावरही त्यातील आरएनए (ज्या रेणूवरून जनुकांची सक्रियता मोजतात तो) किती शाबूत राहतो हे अवलंबून असते. एवढेच नव्हे, तर ‘अल्झायमर’ हे ज्या रकान्यात लिहिलेले असते ते बहुधा डॉक्टरांनी लक्षणांवरून केलेले निदान असते आणि शवविच्छेदनात कधी कधी वेगळेच कारण सापडते.

म्हणून नवख्यांना माझे सांगणे असे की डीप लर्निंगच्या (अनेक थरांच्या मोठ्या मॉडेलांच्या तंत्राच्या) आधी संख्याशास्त्र घट्ट करावे. जनुकांच्या अभ्यासात एखादा दुवा खरा मानण्यासाठी, असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याच्या शक्यतेवर नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.०००००००५ इतकी कडक मर्यादा का लावतात, हे स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता आले पाहिजे, ०.०५ ला दहा लाखांनी भागले की ती मर्यादा मिळते आणि तिच्यामागे सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्यांचा हिशेब असतो. पायथन आणि आर या संगणकभाषा आणि लिनक्स ही प्रणाली सरावाने येतात. जीवशास्त्र मात्र मुद्दाम बसून वाचावे लागते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील अपोई या जनुकाचा ई-४ हा प्रकार धोका वाढवतो हे १९९३ मध्ये उघड झाले, पण तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, आणि या धोक्याचे बहुतेक आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून आलेले आहेत. ते आपल्याकडच्या माणसाला जसेच्या तसे लावणे चूक आहे.

इथे मला सोलापूर आठवते. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या प्रसिद्ध चाचणीत एक वाक्य लिहायला सांगतात, १०० मधून सात-सात वजा करायला लावतात. आयुष्यभर विड्या वळलेल्या, कधीही शाळेत न गेलेल्या बाईचे गुण यात आजार नसतानाही कमी पडणार. याच अडचणीमुळे हरियाणातील बल्लभगढ येथील स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी या चाचणीचे हिंदी रूप नव्याने बेतावे लागले होते. आमच्या शेजारी एक पद्मशाली आजी होत्या, घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या. आजार वाढला तशी त्यांची मराठी आधी गेली. तपासणीत मराठीतून विचारलेल्या प्रश्नांवर त्या गप्प राहिल्या आणि तेच सुनेने तेलुगूतून विचारल्यावर त्यांनी दोन प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. कागदावर गेले ते आधीचेच गुण. हैदराबादमधील ६४८ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले होते, निरक्षर लोकांमध्येसुद्धा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या आपल्या शहरातील मुलांना हा प्रश्न आतून कळतो आणि त्याची या क्षेत्राला गरज आहे.

मार्गाविषयी थोडक्यात. पीएचडीसाठी बहुतेक ठिकाणी गेट किंवा नेट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. गेटमध्ये २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा स्वतंत्र पेपर आहे. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे मिळते. पुण्यात आयसर, बेंगळुरूत निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, या ठिकाणांची संकेतस्थळे नेमाने पाहावीत. आयटीतील पगाराशी तुलना घरात होणारच. माझ्याही वडिलांना यंत्रमागाचे हप्ते फेडताना हा निर्णय पटवून द्यायला दोन वर्षे लागली, आणि त्यांची काळजी अनाठायी नव्हती.

प्रवेशाची वाट न पाहता आजही सुरुवात करता येते. मेंदूच्या एमआरआयच्या ओअ‍ॅसिस-२ या खुल्या माहितीसंचाची सारणी लहान आहे: ६० ते ९६ वयाच्या १५० व्यक्ती, एकूण ३७३ भेटी. साध्या लॅपटॉपवर ती उघडावी, एकदा भेटींनुसार आणि एकदा व्यक्तींनुसार विभागणी करून एकच मॉडेल दोनदा चालवावे आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवावेत. या १५० पैकी १४ जण पहिल्या भेटीत निरोगी होते आणि पुढच्या एखाद्या भेटीत त्यांच्यात स्मृतिभ्रंश आढळला. त्यांना कोणत्या गटात धरायचे आणि का, हे पानभर लिहून काढावे. ते पान घेऊन कोणी पुढच्या गड्ड्याला भेटायला आले, तर आमच्या ओट्यावर बसून त्यावर बोलायला मला मनापासून आवडेल.