हायड्रोजन लाइन पकडायला निघालात? आधी या चुका टाळा

पाऊस सरला, दसरा-दिवाळी आटपली की आमच्या रत्नागिरी-गुहागर पट्ट्यातून मला फोन यायला लागतात. कुणीतरी आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) मागवलेला असतो, व्हिडिओ बघून पत्र्याचा हॉर्न (कर्ण्यासारखी अँटेना) नाहीतर वायफायची जाळीवाली डिश अंगणात उभी केलेली असते. फोनवर दोनच गोष्टी ऐकू येतात, "काका, काहीच दिसत नाही" किंवा "काका, दिसला!" काहीच दिसत नाही म्हणणाऱ्याचं काम सोपं असतं, दोनचार गोष्टी तपासल्या की मार्गी लागतो. दिसला म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याला जे दिसलेलं असतं ते बहुतेक वेळा आकाशातलं नसतंच, आणि ते त्याला पटवताना त्याचा हिरमोड होतो. तेच तेच समजावून थकलो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आपण शोधतोय काय ते आधी. आकाशगंगेतला थंड हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर, अगदी क्षीण रेडिओ लहरी सोडतो. व्हॅन दे हुल्स्टने हे १९४४ साली नुसत्या गणितावरून सांगितलं होतं आणि १९५१ साली हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी खिडकीतून बाहेर काढलेल्या लाकडी हॉर्नने ते पकडलं. त्यांच्यासारखा हॉर्न आज कुणीही घरी बनवू शकतो. तेव्हा वस्तू अवघड नाहीत. घोटाळा होतो तो घाईने.

रिसीव्हरचा उंचवटा आकाशाचा समजणं

ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक. डोंगलचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल, त्याचा आलेख) कधीच सपाट नसतो, आतल्या फिल्टरमुळे मध्ये फुगलेला आणि कडांना उतरलेला असतो. तुम्ही बरोब्बर १४२०.४ मध्यभागी ट्यून करता, अ‍ॅव्हरेजिंग लावता, उभी स्केल ताणता आणि काय, बरोब्बर १४२०.४ ला सुंदर उंचवटा! तो येणारच, कारण मध्य तुम्हीच तिथे ठेवलाय.

गुहागरकडचा एक मुलगा आहे, इंजिनिअरिंगला, हुशार आणि मेहनती. त्याने एका रात्री मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलेलं, "काका, पहिल्याच रात्री हायड्रोजन!!" दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना दाखवणार होता. मी लगेच फोन केला. म्हटलं, अँटेना कुठे रोखलीय? म्हणाला, वर, आकाशगंगेवर. म्हटलं, आता खळ्यातल्या जमिनीकडे तोंड कर तिचं. त्याने फोन स्पीकरवर ठेवला, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, पत्रा खडखडला, मग म्हणाला, "काका, अजून आहे." मग म्हटलं, आता मध्य १४२०.८ ला ने. त्याने नेला, आणि उंचवटापण मुकाट्याने १४२०.८ ला गेला. खरा हायड्रोजन आपली जागा सोडत नाही, तुम्ही ट्यूनिंग सरकवलंत तर तो स्क्रीनवर बाजूला दिसतो पण फ्रिक्वेन्सी तीच राहते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मागून त्याची आई जेवायला हाक मारत होती तेवढं ऐकू येत होतं. मला वाईट वाटलं, पण ते सरांसमोर उघडं पडण्यापेक्षा फोनवर झालेलं बरं.

तेव्हा माझी सवय अशी: मध्य कधीच १४२०.४ वर ठेवायचा नाही, तीन-चारशे किलोहर्ट्झ बाजूला ठेवायचा. दुसरं म्हणजे आकाश मोजायच्या आधी आणि नंतर एलएनएच्या (क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या, कमी गोंगाटाच्या अँप्लिफायरच्या) तोंडाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर (आकाशाचा सिग्नल न देणारं टोपण) लावून तेवढाच वेळ रेकॉर्डिंग घ्यायचं आणि आकाशाच्या आकड्यांना त्याने भागायचं (आकडे डेसिबलमध्ये असतील तर वजाबाकी). बंदरावर मासे तोलताना आधी टोपलीचं वजन वजा करतात, तसंच हे. टर्मिनेटर नसेल तर सिंह राशीच्या बाजूचं आकाश घ्या, तिकडे आकाशगंगेचा पट्टा लांब असल्याने हायड्रोजन फार कमी आहे. आणि जमिनीकडे तोंड केल्यावर सगळी रेषाच दोन-तीन डेसिबल तरी वर जायला हवी, कारण जमीन साधारण ३०० केल्विनला असते आणि त्यामानाने आकाश खूप थंड. रेषा जागची हललीच नाही तर तुमचा एलएनए बंद आहे किंवा केबल तुटलीय, पुढे काही बघू नका.

तिसरी खात्री म्हणजे वेळ. अँटेना न हलवता रोज रेकॉर्ड करा. आकाशातली गोष्ट रोज जवळजवळ ४ मिनिटं लवकर येते, पंधरवड्यात हा फरक तासाभराचा होतो. जे रोज संध्याकाळी बरोब्बर सातला येतं ती शेजाऱ्याची ट्यूबलाइट.

हे सगळं त्या मुलाने मनापासून केलं आणि नोव्हेंबरच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास, शर्मिष्ठा डोक्यावरून उत्तरेला ४५ अंशांवर असताना, त्याला खरा हायड्रोजन मिळाला. एक नाही, दोन उंचवटे, मध्ये साधारण दोनशे किलोहर्ट्झचं अंतर. एक आपल्या आसपासचा वायू आणि दुसरा आकाशगंगेच्या ययाति (पर्सियस) भुजेतला, जो आपल्याकडे सेकंदाला चाळीस-पन्नास किलोमीटरने येतोय म्हणून जास्त फ्रिक्वेन्सीला दिसतो (सेकंदाला १ किलोमीटर म्हणजे सुमारे ४.७ किलोहर्ट्झ, हे पाठच करून टाका). हा दुहेरी आकार कुठलाही फिल्टर तुम्हाला बनवून देत नाही. तो बघायला मी मुद्दाम गुहागरला गेलो होतो.

पाच मिनिटं वॉटरफॉल बघून सोडून देणं

हायड्रोजन वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) एफएम स्टेशनसारखा पट्टा काढत नाही. छोट्या अँटेनावर तो एखाद्या डेसिबलचाही नसतो, गोंगाटात बुडालेला असतो. शंभरपट जास्त वेळ अ‍ॅव्हरेज केलं तर गोंगाटाची थरथर दहापट कमी होते, यापलीकडे जादू नाही. किमान दहा मिनिटं तरी थांबा. ज्यांना थांबायचं नसतं ते सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग वाढवत नेतात, आणि ते वाढवत गेलं की कुठल्याही गोंगाटातून उंचवटा तयार होतो. मला हा शॉर्टकट मनापासून आवडत नाही. कच्चा डेटा जपून ठेवा, स्मूदिंग शेवटी आणि थोडं.

खाऱ्या वाऱ्याच्या भीतीने एलएनए घरात ठेवणं

ही खास आपल्या किनाऱ्यावरची चूक. देवगडच्या बाजूला एक आंबा बागायतदार आहेत, वयाने मोठे, मी त्यांना भाऊ म्हणतो. डिश त्यांनी गच्चीवर झकास बसवली, पण एलएनए खाली खोलीत लॅपटॉपच्या शेजारी, आणि मध्ये आरजी-५८ ची लांबलचक केबल. का, तर "वर ठेवला तर खारा वारा खातो रे त्याला." वारा खातो हे खरंच आहे. पण १४२० मेगाहर्ट्झला दहा मीटर आरजी-५८ मध्येच तीन चतुर्थांश सिग्नल जातो, आणि वर ती केबल स्वतःचा गोंगाट त्यात घालते. एलएनए त्यानंतर लावला तर तो उरलेला चतकोर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे करतो. गेलेलं परत येत नाही. एलएनए हा अँटेनाच्या प्रोबला (आत सिग्नल पकडणाऱ्या तारेला) चिकटूनच हवा, मध्ये केबल असलीच तर वीतभर.

भाऊंना हे पटलं, त्यांनी एलएनए वर नेला, आणि पुढच्या गणपतीत सिग्नल पुन्हा गायब. मी गेलो तेव्हा डबा वरून नुसता चिकटपट्टीने बंद केलेला. कनेक्टर पान्याने सोडवला तर मधल्या पिनेवर हिरवी भुकटी, आणि केबलचं साल सोलून बघितलं तर तांब्याची जाळी हातभर आतपर्यंत काळी पडलेली. पाणी केबलमधूनच चढलं होतं. ती सगळी केबल फेकावी लागली.

आता मी कुणालाही असंच करायला सांगतो: चांगल्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, केबल खालच्या बाजूने आत, डब्याच्या तळाला एक बारीक भोक (हो, भोक हवंच, पूर्ण बंद डब्यात रात्रीचा दमटपणा साठून थेंब होतात), आत सिलिका जेलच्या पुड्या, केबलला कनेक्टरच्या आधी खाली लोंबणारा एक झोल म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, आणि प्रत्येक जोडावर ताणली की एकजीव होणारी रबरी टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप नको, दोन महिन्यात तिचा चिकटा होतो. हॉर्न असेल तर तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा. युएनच्या हॉर्नमधून पावसाचं पाणी थेट प्रयोगशाळेत यायचं, तो तर परदेशातला पाऊस होता.

केबलसाठी आरजी-५८ च्या मागे लागू नका. केबल टीव्हीवाल्याकडची चांगली आरजी-६ घ्या. ती ७५ ओहमची म्हणून लोक घाबरतात, पण त्या फरकाने जेमतेम पाव डेसिबलसुद्धा जात नाही आणि केबलमधला तोटा मात्र आरजी-५८ पेक्षा बराच कमी.

आणि "कोकणातल्या दमट हवेत हे जमत नाही" असं मला सांगू नका. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये देशातली सुरुवातीची रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला, सहा-सहा फुटांच्या ३२ डिश लावून, आणि ६१० मेगाहर्ट्झला सूर्याचा अभ्यास केला. खोडदची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण नंतर आली. ढग २१ सेंटिमीटरला जवळपास आडवे येतच नाहीत. आडवं येतं ते जोडांत शिरलेलं पाणी.

डब्याचा व्यास न मोजणं

डिशच्या फीडसाठी (डिशने गोळा केलेला सिग्नल घेणाऱ्या तोंडासाठी) दूध पावडरचा डबा कापून प्रोब लावायचा, हे सर्रास चालतं. पण गोल डबा १२.४ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर १४२० मेगाहर्ट्झ त्यातून पुढे जाऊच शकत नाही, मग प्रोब कितीही सुबक असो. दहा सेंटिमीटरच्या डब्यावर लोकांनी अख्खा हिवाळा घालवलेला मी पाहिलाय. पंधरा-सोळा सेंटिमीटरचा डबा शोधा, प्रोब पाच सेंटिमीटरच्या आसपास, आणि डबा विकत घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा.

बाकीच्या पटकन सांगतो

एजीसी (सिग्नल किती मोठा करायचा तो गेन आपोआप ठरवणारी सोय) बंद करा, नाहीतर गेन स्वतःच वरखाली होतो आणि मोजमापाला अर्थ राहत नाही. गेन शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवू नका, जवळच्या मोबाइल टॉवरने ८ बिटांचा डोंगल भरून जातो. बायस-टी (केबलमधूनच एलएनएला वीज देणारी सोय) चालू आहे का बघा, वीज नसलेला एलएनए सिग्नल अडवतो.

माडांमधून आकाश बघू नका. मीटरभराच्या डिशचा बीम (तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा भाग) १५ अंशांचा असतो, म्हणजे कडेला दिसणारा माडसुद्धा त्यात येतो, आणि ओलं झाड जमिनीसारखंच गरम दिसतं. माड तोडायचा नाही, डिश सरकवायची. बीम एवढा रुंद आहे म्हटल्यावर अंशाच्या दहाव्या भागापर्यंत मोटरने ट्रॅकिंग करायचा खर्चही नको, पृथ्वी फिरतेच आहे.

१४०० ते १४२७ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कुणालाही प्रक्षेपण करायची परवानगी नाही. तेव्हा तिथे टोकदार काटे दिसले तर ते एलईडी बल्ब, सोलर इन्व्हर्टर, लॅपटॉपचा चार्जर किंवा यूएसबी ३ ची वायर, तुमच्याच घरातलं काहीतरी. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा माझा लॅपटॉप बॅटरीवर तयारच असतो, गावातला सगळा गोंगाट शांत झालेला तो अर्धा तास मी कधीच वाया घालवत नाही.

डोंगल चालू करून अर्धा तास गरम होऊ द्या. स्वस्त डोंगलची ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० ची) चूक इथे ७१ किलोहर्ट्झ होते, म्हणजे सेकंदाला १५ किलोमीटरचा खोटा वेग. टीसीएक्सओवाला (तापमानाने फ्रिक्वेन्सी फारशी न हलणारा) घेतलात तर हा त्रास जवळपास संपतो. पृथ्वी स्वतः सेकंदाला ३० किलोमीटरने सूर्याभोवती जाते, ते दुरुस्त केल्याशिवाय व्यावसायिक नकाशांशी तुलना करून "माझं जुळत नाही" म्हणू नका.

परदेशी व्हिडिओ बघून १४३.०५ मेगाहर्ट्झला उल्कांवरून परतणारा रडारचा आवाज ऐकायला बसू नका, ते रडार फ्रान्समध्ये आहे, इथे त्याचा प्रतिध्वनी पोचत नाही. ऋतूंचंही तसंच. आकाशगंगेचा धनु राशीकडचा भाग संध्याकाळी वर येतो तो ऐन पावसाळ्यात, त्यामुळे तो मार्च-एप्रिलच्या पहाटे पाचला धरा, दक्षिणेला ४४ अंशांवर. मेमध्ये वळवाचे ढग दिसले की मात्र गच्चीवरची केबल काढून टाका, आणि एकदा गडगडायला लागल्यावर ती काढायलासुद्धा वर जाऊ नका.