जुन्या बाजारातली हत्यारं ओळखताना या चुका टाळा

चोर बाजारात मटण स्ट्रीटच्या आजूबाजूला, विशेषतः शुक्रवारी पहाटे, ताडपत्रीवर गंजलेल्या हत्यारांचे ढीग मांडलेले असतात. पटाशी, रंधा, पाना, पक्कड, जे हाती लागेल ते थोडक्यात मिळून जातं. ते नेमकं काय आहे, कुठलं आहे, हे सांगणारा पुरावा मात्र घरी आणल्यावर पहिल्या तासाभरातच बरेच जण घासून टाकतात.

आधी ग्राइंडर, मग ओळख

जुन्या पटाशीवरचा शिक्का फार उथळ असतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दोन फेरे मारले की गंजाबरोबर अक्षरंही जातात आणि ती परत येत नाहीत. म्हणून आधी नायलॉनच्या ब्रशने सुकी माती झाडा. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि पुसून घ्या. खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड पृष्ठभागाला अगदी समांतर पडू द्या. समोरून न दिसणारी अक्षरं त्या तिरप्या सावलीत वर येतात. तरीही नाव लागत नसेल तर खडू घासून बोटाने हलकेच पुसा. खाचेत पांढरं राहतं. फोटो काढून झाल्यावरच गंजाला हात घाला.

गंजासाठी लिंबूसत्त्व पुरतं, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. लाकडी मूठ आणि पितळी भाग आधी काढून घ्या. दर दोन तासांनी हत्यार बाहेर काढून बघा. रात्रभर विसरलं तर लोखंड राखाडी, खरबरीत होतं आणि शिक्काही खाल्ला जातो. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, हेअर ड्रायरने सुकवा, लगेच तेल लावा. मुंबईच्या पावसाळ्यात ओलं राहिलेलं पोलाद डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर वापरूच नका. त्याच्या वाफेने त्याच खोलीतली चांगली हत्यारंही गंजतात.

शिक्का वाचला, पण चुकीचा

पटाशीवर ‘कास्ट स्टील’ दिसलं की ‘हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठोकलं तर तुटेल’ म्हणून लोक ती बाजूला टाकतात. अर्थ नेमका उलटा आहे. मातीच्या मुशीत वितळवून केलेलं उत्तम पोलाद, असं तो शिक्का सांगतो. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने इंग्लंडमध्ये शेफिल्डजवळ ही पद्धत बसवली. अशा पुष्कळ पटाश्यांमध्ये मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. धारेचा उतार १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर ओला घासा. वर मळकट राखाडी आणि धारेपाशी चकचकीत अशी दोन रंगांची रेघ उमटली, तर पटाशी जोडपोलादाची. हा थर सपाट पाठीच्या बाजूला असतो. त्यामुळे पाठ सपाट करण्याच्या नादात ती फार घासू नका, पोलादच संपेल.

दुसरी गफलत मालकाच्या शिक्क्याची. हातोडीवर ‘जी.आय.पी.आर.’ असेल तर ती कुठली कंपनी म्हणून शोधत बसू नका. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, परळ आणि माटुंग्याच्या वर्कशॉपवाली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे शिक्का त्याआधीचा. हातोडी बनवणाऱ्याचं नाव वेगळ्या जागी शोधा.

तिसरी पेटंटची. स्टॅन्ले या अमेरिकन कंपनीच्या लोखंडी रंध्यात पात्यामागे १९०२, १९१० अशा तारखा ओतलेल्या सापडतात. त्या पेटंटच्या असतात. रंधा त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला असू शकतो. रंध्याच्या मॉडेलच्या आकड्यात आधी शून्य असेल, म्हणजे ४ ऐवजी ०४, तर तो शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’ कंपनीचा असण्याची शक्यता जास्त. काळ ठरवायला देशाचं नाव जास्त भरवशाचं. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०, ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे १९५२ च्या आधीचं.

पान्याचा आकडा

सगळ्यात जास्त नट इथे खराब होतात. दोन पान्यांवर १/२, म्हणजे अर्धा इंच, लिहिलेलं असतं. एकाचं तोंड १२.७ मिलिमीटर, दुसऱ्याचं साधारण २३.४. पहिला अमेरिकन पद्धतीचा, त्यात आकडा तोंडाची रुंदी सांगतो. दुसरा ब्रिटिश व्हिटवर्थ, त्यात आकडा बोल्टची जाडी सांगतो. गिरण्यांमध्ये लँकेशायरची यंत्रं होती, म्हणून मुंबईच्या भंगारात व्हिटवर्थ पाने निघतात. त्यांवर बहुधा ‘डब्ल्यू’ (व्हिटवर्थ) किंवा ‘बीएस’ (ब्रिटिश स्टँडर्ड) असतं. ३/८ डब्ल्यू आणि ७/१६ बीएस यांचं तोंड एकच, जवळजवळ १८ मिलिमीटर. १/४ डब्ल्यूचं भरतं १३.३. तो १३ च्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की कोपरे गोल करतो. आकड्यावर न जाता तोंडात व्हर्नियर कॅलिपर घालून मोजा.

बोथट पटाशी, जी पटाशी नसतेच

रुंद, आखूड, टोकाला धार नाही, उलट कडेने एक बारीक खाच, असं काही मिळालं तर ते धारेला लावू नका. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटीत सूत ठोसायचं ते हत्यार आहे. खाच घासली गेली की ते पटाशी होत नाही आणि मूळ कामालाही राहत नाही. पटाशीच्या पाठीवर तिरप्या, एकसारख्या पुसट रेघा दिसल्या तर ती कानशीपासून बनवलेली असणार. कानशीचं पोलाद ठिसूळ असतं, म्हणून तिच्यावर हातोडी मारू नका. हाताने ढकलूनच वापरा.

भेग

बीडाच्या रंध्याला पात्याच्या फटीजवळ भेग जाते आणि गंजात ती लपते. घरी त्या भागाला रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. भेगेतून तेल वर येऊन पुडीत काळसर रेघ उमटते. ताडपत्रीसमोर उभं असताना हे जमत नाही. तिथे पातं काढून घ्या, रंधा दोन बोटांवर लटकवा आणि नाण्याने टिचकी मारा. अखंड बीड खणखणतं. आवाज बसका आला तर आधी मूठ आणि स्क्रू ढिले आहेत का ते बघा, घट्ट करून पुन्हा वाजवा. तरीही बसकाच आला तर रंधा परत ठेवा.