मे महिन्यातही टिकेल अशी छोटी रीफ टाकी कशी लावावी

घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी लावायची म्हटलं की लोक आधी मासे बघायला जातात. मी सांगेन, आधी पंचांग बघा. आपल्याकडे रीफ टाकीचा खरा कस लागतो तो एप्रिल-मेमध्ये. तेव्हा खोलीचं तापमान ३५ अंशांवर जातं आणि वीजही नेमकी त्याच दिवसांत दगा देते. बहुतेक प्रवाळांना २५-२६ अंश मानवतं, पाणी २९-३० अंशांवर काही दिवस राहिलं की त्यांचा जीव घाबरा होतो. त्यांच्या पेशींत राहणारी आणि त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रात ज्याला ब्लीचिंग म्हणतात तेच तुमच्या दिवाणखान्यात होतं. म्हणून टाकीबद्दलचा प्रत्येक निर्णय मे महिना डोळ्यांसमोर ठेवून घ्यायचा.

माझा आग्रह असा, की टाकी सप्टेंबरात लावा. गणपती झाले की पाणी भरा, दिवाळीच्या सुमारास पहिला मासा आणि संक्रांतीच्या आसपास पहिलं प्रवाळ. मे उजाडेपर्यंत टाकी आठ महिन्यांची, मुरलेली असते. मार्चमध्ये हौसेने सुरू केलेली टाकी कोवळी असतानाच उन्हाळ्याच्या तोंडी जाते.

टाकी आणि जागा

२४ × १५ × १५ इंच ही सुरुवातीसाठी उत्तम मापं. काठोकाठ भरली तर ८८ लिटर, दगड-वाळू घातल्यावर प्रत्यक्षात ७० ते ७५ लिटर पाणी उरतं. याहून लहान टाकी स्वस्त दिसते, पण पाणी जितकं कमी तितके चढउतार जास्त. नवशिक्याने २० लिटरच्या टाकीच्या मोहात पडू नये.

स्टँडसकट सगळ्याचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं, म्हणून टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका. पश्चिमेची खिडकी टाळा. विजेचा बोर्ड टाकीच्या मागे थेट खाली नको, बाजूला हवा. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडेल. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज यांच्या बाबतीत काटकसर करू नये.

थंड कसं ठेवायचं, हे आधी ठरवा

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा हा स्वस्त उपाय आहे. पाण्याची वाफ होते आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. पण हे हवेवर अवलंबून आहे. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा चोख काम करतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत वाफच नीट होत नाही, आणि पंख्याने टाकी जेमतेम एखाद्या अंशाने उतरते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी चिलरचे, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे, पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत, किंवा टाकी दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत ठेवावी. एवढ्या टाकीला १/१० एचपीचा चिलर पुरतो. विदर्भात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा तिथेही नुसत्या पंख्यावर भागत नाही. चिलर मागून गरम हवा फेकतो, त्यामुळे त्याला बंद कपाटात कोंडू नका.

पंखा वापरणार असाल तर वर काचेचं झाकण चालणार नाही, वाफ अडते. पण उघडी टाकीही नको, कारण काही मासे उडी मारतात. बारीक नायलॉनची जाळी चौकटीत ताणून बसवा.

पुणे-नाशकाच्या डिसेंबरातल्या रात्रींसाठी १०० वॉटचा हीटर लागतो. मुंबईत तो क्वचितच चालू होतो.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी वापरायचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला खाऊ घालतात. घरातल्या आरओचं पाणीही थेट चालत नाही, बऱ्याच फिल्टरांत चव येण्यासाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मुद्दाम वाढवलेला असतो. आरओच्या मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांच्या) नळकांड्यातून पुढे न्यायचं आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसलं की वापरायचं.

समुद्राचं पाणी भरून आणण्याचा विचार मुंबईकरांच्या मनात येतोच. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि पावसाळ्यात गोडं पाणी मिसळलेलं असतं. त्यापेक्षा रीफसाठीचं तयार मीठ घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. बादलीत आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ, असा क्रम ठेवा. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन बसतं आणि ते परत विरघळत नाही. छोटा पंप लावून काही तास फिरवा. क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास हवं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर जुळवलेलं उपकरण खाऱ्या पाण्यात चुकीचा आकडा दाखवू शकतं.

दगड कुठून आणायचा, आणि कुठून नाही

इथे जरा थांबतो, कारण ठेच लागण्याची खरी जागा हीच. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, फायर कोरल आणि सी-फॅन यांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लागलेला दगड उचलून आणणं गुन्हा आहे, मग ते प्रवाळ मेलेलं असलं तरी. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही संरक्षित आहेत. ‘बाहेरून आलंय’ म्हणून कोणी हार्ड कोरल दाखवलं तर कागदपत्रं विचारा, आणि ती नसतील तर हात लावू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यातली प्रवाळं कोकणचा ठेवा आहेत, त्यांची जागा समुद्रातच.

टाकीसाठी कोरडा कृत्रिम दगड घ्या. सच्छिद्र सिरॅमिक किंवा सिमेंट-अ‍ॅरागोनाइटचे तुकडे मिळतात (अॅरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज), आठ-दहा किलो पुरेत. रचताना मागच्या काचेला चिकटवू नका, चारही बाजूंनी पाणी फिरलं पाहिजे. दगड थेट तळकाचेवर टेकवा आणि मग इंचभर अ‍ॅरागोनाइट वाळू पसरा. वाळूवर दगड ठेवला की खालून बीळ खणणारा मासा एक दिवस तो ढासळवतो.

जिवाणूंना वेळ द्या

दगड, वाळू, पाणी, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप), सगळं चालू झालं की टाकी रिकामीच चालवायची. या दिवसांत माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडाच्या छिद्रांत घर करतात. अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं अमोनियम क्लोराइड या जिवाणूंचं खाद्य म्हणून घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) न्या. ते मिळालं नाही तर बाजारातली एक कच्ची कोलंबी पायमोज्यात बांधून सोडली तरी काम होतं, फक्त वास सहन करावा लागतो. बाटलीतले जिवाणू घातले तर गती येते. साधारण चार ते सहा आठवड्यांनी एक दिवस असा येतो, की रात्री घातलेला २ पीपीएम अमोनिया दुसऱ्या रात्री शून्य असतो आणि नायट्राइटही शून्य. तेव्हा टाकी तयार. कॅलेंडर काय म्हणतंय ते सोडा, टेस्ट किट काय म्हणतं ते ऐका.

त्यानंतर वाळूवर तपकिरी थर येईल, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, कधी लालसर चिकट पापुद्रा. प्रत्येक नवी टाकी यातून जाते. औषधं ओतू नका. तपकिरी थर आला की चार-पाच ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी सोडा. काचेवर सकाळी त्यांच्या तोंडाच्या नागमोडी खुणा दिसतात, थर जिथे चाटला तिथे स्वच्छ पट्टा. दिवे सुरुवातीला कमी, ३० टक्क्यांवर, आणि दिवसाला आठ तासच.

मासे: तीन किंवा चार, बस

पहिला मासा म्हणून यलो वॉचमन गोबी मला सर्वांत आवडतो. त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी सोडली तर दोघं एका बिळात राहतात. कोळंबीची दृष्टी कमजोर. ती वाळू उपसत असताना तिची एक मिशी सतत माशाच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि दोघंही आत.

मग क्लाउनफिशची जोडी. समुद्रातून पकडलेली नको, टाकीत पैदास केलेलीच मागा. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे त्यांची पैदास यशस्वी केली आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात, त्यातला वरचढ पुढे मादी होतो. म्हणून एक लहान आणि एक थोडा मोठा असे दोन घ्या, जोडी आपोआप जमते. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल, ज्यात हे मासे समुद्रात राहतात) लागतोच असं नाही. अ‍ॅनिमोन छोट्या, नव्या टाकीत फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये अडकतो आणि सगळं पाणी नासवतो. निळा टँग फूटभर वाढतो, मँडरिन जिवंत सूक्ष्म जीवांशिवाय सहसा खात नाही, डॅमसेल बाकीच्यांना जगू देत नाहीत. दुकानदार कितीही म्हणो, हे तिन्ही नकोत.

पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडा. मासा कुरिअरने तासन्‌तास प्रवास करून आला असेल तर मात्र हे लांबवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान आणि क्षारता जुळवलेल्या पाण्यात लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. जमल्यास वेगळ्या टाकीत दोन-चार आठवडे निरीक्षणाखाली ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं तांब्याचं औषध तिथेच देता येतं, मुख्य टाकीत ते गोगलगायी आणि कोळंब्या मारतं.

मऊ प्रवाळं

डिस्कोसोमा मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया. ही दणकट आहेत, आणि कठीण प्रवाळांसारखा कॅल्शियमचा रोजचा हिशेब मागत नाहीत. आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची ताकद) ८-९ डीकेएचवर (हे तिचं एकक) राहते. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम असू द्या. शून्याचा हट्ट धरलात तर प्रवाळ उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव माजतात. झेनिया मुख्य दगडापासून दूर, वेगळ्या तुकड्यावर लावा, ती झपाट्याने पसरते.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. असे दगड कधीही उकळू नका आणि गरम पाण्याने घासू नका, वाफेतून विषबाधा झालेली आहे.

उन्हाळ्यातली रोजची कामं

पंखा चालू असताना दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. ७५ लिटरमधून २ लिटर गेले की क्षारता ३५ वरून ३६ होते. भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याची. काचेवर चिकटपट्टीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत भरा, किंवा ऑटो टॉप-अप लावा.

वीज गेली तर दिव्याची काळजी करू नका, एक दिवस अंधार झाला तरी प्रवाळांना फरक पडत नाही. मासे आधी गुदमरतात, कारण कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच, किंवा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर जोडा. खाणं त्या दिवशी बंद. पाणी २८ च्या वर चढू लागलं तर गोठवलेली, घट्ट बुचाची बाटली टाकीत तरंगत सोडा. अर्धा लिटरची एक बाटली ७५ लिटर पाणी साधारण पाऊण अंशाने उतरवते. दुसरी तासाभराने टाका, दोन्ही एकदम नकोत. एप्रिल लागला की अशा चार बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या.