छोट्या लेथला काय जोडावे आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घराच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये सात इंची छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापणारे यंत्र, ज्यावर सात इंच व्यासापर्यंतचा तुकडा फिरतो) बसवणाऱ्यांची पहिली खरेदी बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होते. डिजिटल रीडआऊट (स्लाईड किती सरकली ते आकड्यांत दाखवणारे साधन) किंवा कार्बाइड टूलांचा संच घेण्याआधी यंत्राचा सैलपणा काढावा, कारण सैल स्लाईडवर कोणतेही टूल थरथरतेच. क्रॉस स्लाईड (टूल आडवे सरकवणारा भाग) आणि कंपाउंड स्लाईड (त्यावरचा, कोनात फिरवता येणारा भाग) यांच्या गिबचे (स्लाईडमधला सैलपणा भरून काढणाऱ्या पट्टीचे) लॉकनट ढिले करून स्क्रू एका टोकाकडून क्रमाने आवळावेत, हँडल जड लागू लागले की किंचित मागे घ्यावेत आणि स्क्रू जागचा न हलू देता लॉकनट पुन्हा कसावेत. याला एक ॲलन की, एक छोटा पाना आणि एक निवांत दुपार एवढेच लागते.

पैसे खर्च करायचे तर सर्वप्रथम स्वतंत्र जबड्यांचा (जॉंचा) फोर-जॉ चक, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) धरणारी पकड, आणि ०.०१ मि.मी.चा डायल गेज घ्यावा. तिन्ही जबडे एकत्र हलणाऱ्या थ्री-जॉ चकमध्ये जॉब किती मध्यावर बसेल हे चकवर अवलंबून असते, तर फोर-जॉमध्ये ते आपल्या हातात असते. गेजची टोकणी जॉबला टेकवून चक हाताने फिरवावा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी रीडिंगमध्ये ०.२० मि.मी. फरक आला, तर जॉब ०.१० मि.मी. सरकवायचा आहे. ज्या बाजूकडे सरकवायचा तिकडचा जॉ आधी ढिला करावा आणि मगच समोरचा आवळावा.

चक मूळ चकपेक्षा मोठा असेल तर बॅकप्लेट (चक आणि लेथ यांना जोडणारी चकती) लागते, आणि इथे आपल्या भागाची सोय मोठी आहे. उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फाउंड्री आणि टर्निंगची कामे करणारी दुकाने असल्याने बिडाची जाड चकती शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. मागची बाजू स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजच्या (त्याच्या टोकाच्या चकतीसारख्या कडेच्या) मापाने टर्नरकडून करून घ्यावी. पुढची बाजू मात्र प्लेट स्पिंडलवर पक्की बसवून स्वतःच्याच लेथवर फेस करावी (तिचा पृष्ठभाग कापून सपाट करावा), कारण तीच फेस आपल्या स्पिंडलच्या अक्षाशी काटकोनात बसते. फोर-जॉसाठी खांद्याचे (चक ज्यावर बसतो त्या उंचवट्याचे) माप थोडे सैल झाले तरी जॉ ते सांभाळून घेतात, फेस वाकडी असेल तर मात्र इलाज नाही. कास्टिंगची वरची साल कठीण असते, म्हणून पहिला कट सालीच्या खाली जाईल इतका घ्यावा, कूलंट वापरू नये आणि बेडवर कापड अंथरावे, कारण बिडाची काळी पूड तेलात मिसळून स्लाईड घासते. काम झाल्यावर प्लेट आणि फ्लँज यांवर पंचने जुळती खूण करावी, म्हणजे ती पुन्हा त्याच जागी बसेल. मोठा चक बसवल्यावर त्यावर लिहिलेली कमाल गती ओलांडू नये आणि चक-की क्षणभरही चकमध्ये ठेवू नये.

त्यानंतर क्विक-चेंज टूलपोस्ट (टूल झटकन बदलता येणारी टूलची पकड). त्याचा खरा लाभ वेळ वाचण्यापेक्षा उंची जुळवण्यात आहे. प्रत्येक होल्डरची उंची एकदा लावली की पत्र्याच्या पट्ट्यांचे पॅकिंग शोधावे लागत नाही. पातळ स्टीलची पट्टी गोल जॉब आणि टूलचे टोक यांच्यामध्ये हलकेच दाबावी: पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरवर आहे, वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकले तर वर आहे. या लेथसाठी ८ किंवा १० मि.मी. शँकची टूल पुरेशी होतात, आणि हाताने धार लावलेले एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल हळू गतीवर कार्बाइडपेक्षा स्वच्छ कापते, असे माझे ठाम मत आहे.

टेलस्टॉकसाठी (चकसमोरच्या, जॉबचे दुसरे टोक आधार देणाऱ्या भागासाठी) रिव्हॉल्विंग सेंटर (जॉबबरोबर फिरणारे टोकदार आधार) आणि ड्रिल चक घ्यावा. दोन्ही टेलस्टॉकच्या टेपरला जुळतात याची खात्री करावी, बहुधा तो मोर्स २ (निमुळत्या बसणीचे एक ठरावीक माप) असतो.

स्पिंडलचे बेअरिंग बदलणे शेवटी, आणि तेही गरज असेल तरच. अनेक सात इंची लेथमध्ये ६२०६ बॉल बेअरिंग असते आणि त्याजागी ३०२०६ टेपर रोलर बसवतात. आतला व्यास ३० आणि बाहेरचा ६२ मि.मी. सारखाच, पण जाडी १६ ऐवजी १७.२५ मि.मी. होते, त्यामुळे स्पेसर त्या प्रमाणात कमी करावा लागतो. नट आवळताना स्पिंडलचा खेळ जेमतेम जाईल इतकेच आवळावे. काही वेळ चालवल्यावर हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) हात ठेववणार नाही इतका तापला, तर प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळण्याचा दाब) जास्त झाला आहे, नट किंचित ढिला करावा.