आधी सॉफ्टवेअरची यादी, मग संगणकाची निवड

सांगली-मिरजेत घरासाठी संगणक घेणारे बहुतेक जण आधी किंमत पाहतात, मग रॅम आणि हार्ड डिस्क. माझा आग्रह असा की दुकानात जाण्यापूर्वी कागदावर एक यादी करावी, आणि तीत घरातील कोण कोणते काम कोणत्या प्रोग्रॅममध्ये करणार आहे, हे नावानिशी लिहावे. नुसते ‘हिशेब’ लिहून भागत नाही. ‘टॅली प्राइम’ असे लिहावे आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी कशावर थेट चालतो, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून नोंदवावे.

ऑनलाइन वर्ग, बँकेचे व्यवहार, सातबारा पाहणे, युनिकोडमधील (कोणत्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरसंकेतातील) मराठी लेखन ही कामे तिन्हींवर होतात, म्हणून ती बाजूला ठेवावीत. ज्या प्रोग्रॅमला पर्याय नाही, त्यावरच निवड ठरते.

हळदीची अडत असलेले एक घर डोळ्यांसमोर आणू. वडिलांना रात्री टॅलीत नोंदी करायच्या आहेत आणि मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला असल्याने तिला यंत्रभागांचे आराखडे काढण्यासाठी सॉलिडवर्क्स लागते. हे दोन्ही प्रोग्रॅम विंडोजसाठी बनवलेले आहेत, त्यामुळे मॅकबुक कितीही देखणे असले तरी या घराला ते सोयीचे नाही. २०२० पासून आलेल्या, अॅपलच्या एम-मालिकेच्या चिप असलेल्या मॅकवर बूट कॅम्पची, म्हणजे मॅकवर थेट विंडोज बसवण्याची, सोय नाही. पॅरलल्ससारखे सॉफ्टवेअर विकत घेऊन विंडोज चालवता येते, पण ती एआरएम आवृत्ती, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेच्या चिपसाठीची विंडोज, असते. स्नॅपड्रॅगन चिपच्या लॅपटॉपवरही विंडोजची हीच आवृत्ती असते. तिच्यावर नेहमीचे पुष्कळ प्रोग्रॅम चालतात. मात्र जुना प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन यांचे ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारे प्रोग्रॅम) एआरएमसाठी बनवलेले नसतील, तर ती उपकरणे चालत नाहीत. अशा घराने इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचाच विंडोज लॅपटॉप घ्यावा.

मराठीच्या जुन्या फाइलींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या वर्षानुवर्षांच्या कष्टांतून साठलेल्या असतात. श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो फॉन्ट बसवावा लागतो किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने रेमिंग्टन कळफलकाची, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारख्या अक्षरमांडणीची, सोयही तपासावी. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाणित मांडणी तिन्ही प्रणालींत उपलब्ध आहे.

यादीत ब्राउझर आणि लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरपलीकडे काही उरले नाही आणि घरात जुना संगणक असेल, तर नवा संगणक घेण्याचीही गरज नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण विंडोज ११ न पेलणाऱ्या त्या जुन्या यंत्रावर लिनक्स विनामूल्य बसवता येते.

खरेदीच्या दिवशी पेन ड्राइव्हमध्ये एक जुनी मराठी फाइल आणि स्वाक्षरीचा टोकन सोबत न्यावा, आणि दोन्ही त्याच लॅपटॉपवर चालवून पाहिल्यानंतरच बिल करायला सांगावे.